ढगात शिरलेलं छोटं विमान

प्रश्न : गोव्यातल्या मोपा विमानतळावर पावसातही मोठी विमानं उतरतात. मग छोटी विमानं, हेलिकॉप्टरं ढगांत का कोसळतात?
– एक वाचक, हरमल

उत्तर : मोठ्या विमानाला धावपट्टीकडून रेडिओ संकेत मिळतात आणि वैमानिकांना उपकरणं पाहून उडण्याचा सराव असतो. छोट्या विमानांचं बरंचसं उड्डाण नजरेवर चालतं. त्यासाठी साधारण ५ किलोमीटर दृश्यमानता लागते. ढगात क्षितिज दिसेनासं झालं की कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय फसवतं. विमान कलत असतं, वैमानिकाला मात्र ते सरळ वाटतं.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने १९५४ मध्ये उपकरणं पाहून उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांची चाचणी घेतली. सगळ्यांचाच ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत! डोंगराळ भागात ढगाआड कडाही असतो. १५ जून २०२५ ला केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर खराब हवामानात गौरीकुंडजवळ कोसळलं. सात जण दगावले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक कुटुंबही होतं.

ढग दाटताना दिसले की वेळीच मागे फिरणं, हाच खरा उपाय. म्हणून पायलट ‘आज नको’ म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका.