मोशन ग्राफिक्स शिकायचंय? सुरतेतला खर्च असा धरा

सुरतेत मोशन ग्राफिक्सच्या क्लासची चौकशी केली की समोरून आधी फीचा आकडा येतो, आणि आपण सगळा हिशेब त्याच आकड्याभोवती बांधतो. तिशी-पस्तिशी ओलांडलेल्या, घर चालवणाऱ्या माणसाने हा हिशेब उलटा धरावा. आधी वेळ, मग मशीन, मग सॉफ्टवेअर आणि शेवटी फी. या क्रमाने गेलं तर पहिले तीन महिने जवळपास फुकटात निघतात, आणि हे काम आपल्याला झेपतंय का, हे पैसे अडकण्याआधी कळतं.

काम या शहरात आहे. रिंगरोडच्या साडी व्यापाऱ्याला कॅटलॉगच्या फोटोंसोबत आता छोटी रीलही लागते. दागिने बनवणाऱ्याला अंगठी चारी बाजूंनी फिरवून दाखवायची असते. नवरात्रीत गरब्याच्या मंचामागच्या एलईडी पडद्यावर रात्रभर काहीतरी हलतं ठेवावं लागतं. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. त्यांतलं कुणी एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करत असेल किंवा डिजिटल प्रिंटसाठी फोटोशॉपवर बसत असेल, तर लेअर, पेन टूल, रंगसंगती या गोष्टी हाताखालच्या आहेत. अशा माणसाने पहिल्या पायरीची फी भरूच नये. ती पायरी तो चढलेला आहे.

वेळेचा खर्च कागदावर कुणी मांडत नाही, म्हणून तो आधी मांडा. रोज दीड तास, आठवड्याचे सहा दिवस धरले तर सहा महिन्यांत साधारण 230 तास होतात. पैसे घेऊन साधं काम करून देण्याइतका हात बसायला एवढे तास तरी हवेतच, असं माझं मत आहे. त्यासाठी ओव्हरटाइम सोडावा लागणार असेल, तर तो बुडालेला पैसाही याच खर्चात लिहा.

घरात 8 जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर सुरुवात त्यावरच करा. ब्लेंडर आणि सिनफिग ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि शिकण्यापुरती त्यावर चालतात. मोफत म्हणजे कमअस्सल, असं समजू नका. 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ हा लॅटव्हियाचा चित्रपट ब्लेंडरवरच बनला आहे. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत मोशन ग्राफिक्ससाठी फ्यूजन मिळतं, पण त्याला 16 जीबी तरी रॅम लागते. बाजारात ज्याची सर्वांत जास्त मागणी होते त्या आफ्टर इफेक्ट्सलाही किमान 16 जीबी हवी, 32 असली तर बरं. पुढे कामासाठी ग्राफिक्स कार्डासह डेस्कटॉप जोडून घ्यायचा झाला, तर साधारण 60 हजार ते 1 लाख रुपये धरा आणि यूपीएसचे 3 ते 5 हजार वेगळे ठेवा. ड्रॉइंग टॅब्लेट सुरुवातीला नको.

आफ्टर इफेक्ट्स विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं. एकट्या सॉफ्टवेअरचं भाडं महिन्याला दोन हजारांच्या आसपास धरा. खरी अडचण करारात असते. दरमहा पैसे कापले जातात म्हणून योजना महिन्याची वाटते, पण बहुतेक वेळा ती वर्षाची असते. पहिल्या 14 दिवसांनंतर ती मध्येच बंद केली, तर आफ्टर इफेक्ट्स बनवणाऱ्या ॲडोबीच्या अटींनुसार उरलेल्या रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागतात. चार महिन्यांनी सोडलंत तर आठ महिन्यांचे 16 हजार उरतात, म्हणजे 8 हजार दंड. याच शुल्काबाबत अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या शिफारशीवरून तिथल्या सरकारने जून 2024 मध्ये कंपनीवर दावा लावला. तेव्हा हे भाडं हात बसल्यावर सुरू करा. क्रॅक केलेली प्रत कुणी पेन ड्राइव्हवर देत असेल तर घेऊ नका. जाणूनबुजून अशी प्रत वापरण्यासाठी कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 ब मध्ये किमान सात दिवसांची कैद आणि 50 हजार ते 2 लाखांचा दंड लिहिलेला आहे.

आता फी. नुसत्या आफ्टर इफेक्ट्सचा तीन-चार महिन्यांचा क्लास साधारण 15 ते 40 हजारांत बसतो. वर्षभराचा डिप्लोमा लाखाच्या आसपास किंवा वर जातो. आकडा जीएसटी धरून आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. 18 टक्क्यांनी 40 हजारांचे 47,200 होतात. अरीना आणि माक ही दोन्ही नावं अ‍ॅपटेक या एकाच कंपनीची आहेत आणि त्यांची केंद्रं बहुतांशी फ्रँचायझीवर चालतात, म्हणून पावतीवर नेमकं कोणाचं नाव येतं ते बघा.

पण फी कशासाठी द्यायची? सॉफ्टवेअरची बटणं यूट्यूबवर फुकट कळतात. पैसे द्यायचे ते आपली चूक दाखवणाऱ्या डोळ्यासाठी. डेमो क्लासला जाताना उड्या मारणारा चेंडू करून न्या. आफ्टर इफेक्ट्समध्ये नवशिका सगळ्या की-फ्रेम निवडून एफ 9 दाबतो. त्याने चेंडू वर मंदावतो, ते बरोबर आहे, पण जमिनीजवळ येतानाही मंदावतो आणि त्याचं वजनच जातं. चांगला शिक्षक ग्राफ एडिटर उघडून जमिनीकडची रेष तिथल्या तिथे तीक्ष्ण करून दाखवेल. ‘हे पुढच्या मॉड्यूलमध्ये आहे’ असं उत्तर आलं, तर दुसरा क्लास बघा.

दुसरी परीक्षा अक्षरांची. ‘दिवाळी’ आणि एखादं जोडाक्षर लिहून बघा. सेटिंग चुकलं असेल तर वेलांटी जागा सोडते आणि जोडाक्षरं फुटतात. टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचं इंजिन निवडलं की हे सुटतं. अक्षरं एकेक करून हलवली तर मात्रा सुटी पडू शकते, म्हणून शब्दागणिक हलवावं. सुरतेत गुजराती, हिंदी, मराठी तिन्हींचं काम येणार, तेव्हा हे शिक्षकाला ठाऊक हवंच. फॉन्टवर खर्च नको. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मोफत आहेत आणि त्यांचे गुजराती भाऊही मिळतात.

हप्त्यावर प्रवेश देतो म्हणाले तर थांबा. तो हप्ता बहुतेक वेळा वित्तसंस्थेचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. क्लास सोडला किंवा बंद पडला तरी ते चालूच राहतं. ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा कर्जासोबत मुख्य तथ्य विवरण द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यातला वार्षिक दर वाचल्याशिवाय ओटीपी सांगू नका. फी दोन-तीन टप्प्यांत थेट क्लासला द्यायची तयारी दाखवा. बॅच सोडली तर किती परत मिळेल, शिक्षक बदलला तर काय, हे पावतीच्या मागे लिहून सही घ्या. तक्रारीची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.