अभ्यासपाठ : भागीदारी करावी, पण लगाम हातात ठेवून



भागीदारी हा शब्द आपल्याला नवा नाही. तथापि भागीदारीत निर्णय कोणाचा, मोजमाप कोणाला कळते आणि पैसा कोणाच्या हाती येतो, हे नेहमी तपासावे लागते. त्यासाठी आम्ही या पाठात ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडील आर्नहेम लँड या आदिवासींच्या मालकीच्या मुलखाचे उदाहरण घेतले आहे.

तिथे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस, पुढे सहा महिने कोरडे. गवत माणसाच्या डोक्यावर जाते. पूर्वी तिथले लोक पाऊस सरताच, गवत अर्धवट ओले असताना, चालता चालता जागोजागी लहान लहान आगी लावीत. रात्री दव पडले की त्या आपोआप विझत. असे जळालेले पट्टे मध्ये असले म्हणजे पुढची मोठी आग तिथेच अडे.

विसाव्या शतकात लोक पठार सोडून मिशनच्या वस्त्यांकडे व शहरांकडे गेले. रान ओस पडले. मग कोरड्या हंगामाच्या अखेरीस लागलेली आग आठवडेच्या आठवडे चाले आणि झाडोरा खाऊन टाकी. जाणत्या वृद्धांना दुखणेही ठाऊक होते आणि औषधही. चित्रकार म्हणून नावाजलेले बरदयाल लॉफ्टी नजामेरेक हे त्यांपैकी एक. त्यांनी शास्त्रज्ञांना बरोबर घेतले व लोकांना पुन्हा रानात नेले.

शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. गवत जळताना मिथेन व नायट्रस ऑक्साइड हे हवा तापविणारे वायू निघतात. हंगामाच्या सुरुवातीच्या आगीत क्षेत्र कमी जळते, म्हणून हे वायूही कमी निघतात. 2006 साली डार्विन येथील नैसर्गिक वायूच्या प्रकल्पाशी 17 वर्षांचा करार झाला. क्षेत्र सुमारे 28,000 चौरस किलोमीटर. दरवर्षी 1 लाख टन कर्बवायूइतकी घट करून दाखवायची आणि त्याबद्दल कंपनीने वर्षाला सुमारे 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचे, असा व्यवहार ठरला. काम आदिवासी वनरक्षकांच्या तुकड्यांनी केले. वडील माणसे जागा व वेळ सांगत, तरुण मंडळी नकाशे आणि हेलिकॉप्टर वापरायला शिकली. 2007 मध्ये जमीनमालकांनी वार्डेकेन ही आपली संस्था काढली. पुढे कर्बाचा व्यवहार पाहण्यासाठीही आदिवासींच्याच मालकीची कंपनी उभी राहिली.

आता कोणी म्हणेल, मग आम्ही पाचट पेटवले तर काय बिघडले? बिघडते, मंडळी! तिथली लहान आग मोठी आग टाळण्यासाठी असते. आपल्या फडात तसा वणव्याचा प्रश्न नाही. इथे जळते ते जमिनीला मिळणारे सेंद्रिय खत, आणि आच्छादन गेल्याने ओलही लवकर उडते. म्हणून आगीची नक्कल करू नये. पाचट सरीत कुजवावे, हेच बरे.

घ्यायचा धडा वेगळा आहे. बाहेरून पैसा आला, यंत्र आले, शास्त्र आले. पण केव्हा, कुठे आणि किती, हे जमिनीचे मालकच ठरवीत राहिले. हल्ली आपल्याकडेही कर्बाच्या मोबदल्याचे करार घेऊन माणसे बांधावर येऊ लागली आहेत. त्यांना दारातून परत पाठवा असे आम्ही म्हणत नाही. पण वरच्या रकमेला भुलून अंगठा उठवू नका.

सही करण्यापूर्वी गटात बसून या प्रश्नांची उत्तरे मागा :

1. मोजणी कोण करणार, आणि ती आपल्या पोरांना शिकवणार का?
2. करार किती वर्षांचा? मध्येच सोडायचा झाल्यास काय?
3. विक्रीच्या रकमेतून शेतकऱ्याला किती, मध्यस्थाला किती?
4. पीक व मशागत बदलण्याचा अधिकार कोणाकडे राहणार?

चारांपैकी एकाचे जरी उत्तर गुळमुळीत मिळाले, तरी कागद बाजूला ठेवावा. घाई समोरच्याला असते. जमीन आपली असते.