फ्लो सायटोमेट्री : अहवाल वाचताना घ्यावयाची दक्षता

आयुर्वेदीय द्रव्यांचे पेशींवरील परिणाम तपासताना ‘फ्लो सायटोमेट्री’ या तंत्राचा उपयोग केला जातो. त्यातील आलेखाच्या आधारे औषधाची महती सांगण्यापूर्वी वैद्य व फार्मसीचालक या दोघांनीही त्याची मर्यादा जाणून घेणे आवश्यक आहे.

तंत्राचे स्वरूप

द्रवात विलग केलेल्या पेशी एकामागून एक लेसर किरणासमोरून नेल्या जातात. पुढे विखुरलेला प्रकाश पेशीच्या आकारमानाचा, तर बाजूस विखुरलेला प्रकाश तिच्यातील कणमयतेचा निर्देश करतो. पेशींना चमकणारे रंजक जोडल्यास त्याचा प्रकाशही मोजला जातो. सेकंदाला हजारो पेशींची नोंद होते. एचआयव्हीबाधितांमधील सीडी-४ पेशींची गणना हा याचा सुपरिचित उपयोग होय.

दोष कोठे संभवतो?

नियोजित पेशीमृत्यूच्या आरंभी फॉस्फॅटिडिलसेरिन हा घटक पेशीपटलाच्या बाह्य पृष्ठावर येतो. त्यास चिकटणारे अ‍ॅनेक्सिन-५ हे प्रथिन बहुधा हिरव्या रंजकासह वापरतात. हळदीतील कर्क्युमिन मात्र पेशीत शिरून स्वतःच हिरवट चमकते. ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेसरखाली हा प्रकाश त्याच हिरव्या मापकात पोहोचू शकतो आणि जिवंत पेशीही मरणोन्मुख गणली जाते. हरितद्रव्ययुक्त अर्क तांबड्या मापकात असाच भ्रम उत्पन्न करू शकतात.

प्रस्तुत लेखकाकडूनही ही चूक घडली आहे. हळदीच्या अर्काचा पहिला अहवाल पाहून मी एका औषधनिर्मात्यास उत्साहाने अनुकूल अभिप्राय कळविला. पुढे रंजक न लावता केलेल्या तपासणीतही पेशी तशाच चमकल्या. अभिप्राय मागे घ्यावा लागला.

चरकाचार्यांनी प्रत्यक्ष व अनुमान ही प्रमाणे पृथक् सांगितली आहेत. यंत्रास प्रत्यक्ष होतो तो केवळ प्रकाश. ‘पेशी मृत झाली’ हे आपले अनुमान. हेतू सदोष असेल तर अनुमानही सदोष ठरते.

अहवालात काय पाहावे?

१. औषध दिलेल्या, परंतु रंजक न लावलेल्या पेशींची तपासणी.
२. अर्क ज्या द्रवात विरघळविला, केवळ तो द्रव दिलेल्या पेशींची तपासणी.
३. प्रत्येक रंजक स्वतंत्रपणे लावून केलेली तपासणी. एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या मापकात किती मिसळतो, हे तीवरून कळते.
४. चमकेवर अवलंबून नसलेल्या अन्य पद्धतीने निष्कर्षाची पुष्टी.

हे चारही मुद्दे समाधानकारक असले, तरी सिद्ध होतो तो काचपात्रातील पेशींवरील परिणाम. मुखाने घेतलेल्या औषधास अग्निसंस्कार घडतो. रुग्णावरील गुण रुग्णातच तपासावा लागतो. सबब, माहितीपत्रकात आलेख छापण्यापूर्वी फार्मसीचालकांनी प्रयोगशाळेकडे पहिल्या तपासणीची मागणी अवश्य करावी.