खाणीच्या भागधारकास पत्र

पुणे,
ता. १४ नोव्हेंबर २०२२

चिरंजीव श्रीधर,

तुझे पत्र पोहोचले. २०११ सालच्या दिवाळीपासून, म्हणजे टोरोंटोस गेल्यावर हाती पडलेल्या पहिल्या शिलकीपासून, सोन्याच्या खाणींचे शेअर तू थोडेथोडे घेत आलास, भाव उतरले तेव्हा इतरांप्रमाणे घाबरून विकले नाहीस, आणि अकरा वर्षांच्या या निष्ठेनंतर मुद्दल निम्म्यावर आले आहे, ही तुझी कैफियत वाचून मला मनापासून वाईट वाटले. आणखी किती दिवस धीर धरावा, असा तुझा प्रश्न आहे. सारी नोकरी परक्यांच्या जमाखर्चाची तपासणी करण्यात घालविलेल्या माणसाला त्याचे उत्तर वर्षांच्या आकड्यात देता येणार नाही. परंतु कोणत्या गोष्टीसाठी धीर धरावा आणि कोणत्या गोष्टीसाठी एक दिवसही धरू नये, याविषयी माझे मत निश्चित आहे आणि ते मी विस्ताराने लिहितो.

प्रथम तुझ्या आईच्या पाटल्यांची गोष्ट घेऊ, कारण तुझ्या मनातील सल मुख्यतः तीच आहे. त्याच दिवाळीत तिने तोळ्याला सत्तावीस हजारांच्या आसपास भाव देऊन पाटल्या केल्या, आज तो भाव बावन्न हजारांवर आहे, आणि अर्थशास्त्र न वाचलेल्या आईचे दुप्पट झाले असताना एवढा अभ्यास केलेल्या मुलाचे निम्मे व्हावे, हे तुला सोसत नाही. पण ही तुलना एकाच मापाने केलेली नाही. त्या दिवाळीत औंसाचा भाव सतराशे डॉलरच्या आगेमागे होता, आज तो पावणेअठराशेच्या घरात आहे. अमेरिकी डॉलरच्या हिशेबाने सोने जवळजवळ जागच्या जागीच उभे आहे. मधल्या काळात डॉलर पन्नास रुपयांच्या आतून ऐंशीच्या पलीकडे गेला आणि सरकारने आयातीवरील जकात वाढवीत नेऊन यंदाच्या जुलैत पंधरा टक्क्यांवर आणली, म्हणून पाटल्यांची किंमत दुणावली. तुझ्या आईला जे मिळाले ते रुपयाच्या घसरणीपासून संरक्षण होय, आणि रुपयांत न कमावणाऱ्या आणि रुपयांत खर्चही न करणाऱ्या तुला ते संरक्षण मिळण्याचे कारणच नव्हते.

सोने जागच्या जागी असताना खाणी का बुडाल्या, हा याहून मोलाचा प्रश्न आहे. सप्टेंबर २०११ मध्ये औंस एकोणीसशे डॉलरच्या उंबरठ्यावर गेला होता. २०१५ च्या अखेरीस तो साडेदहाशेपर्यंत आला, म्हणजे निम्म्याहून थोडी कमीच घट झाली. मोठ्या खाण-कंपन्यांचे शेअर एकत्र बांधून न्यूयॉर्कच्या बाजारात जो निधी विकला जातो, त्याचा भाव मात्र त्याच अवधीत ६६ डॉलरांच्या आसपासून जानेवारी २०१६ मध्ये १३ डॉलरांच्या खाली गेला. खडकातून औंसभर सोने काढण्यास बाराशे डॉलर लागत असतील, तर अठराशेच्या भावाला सहाशे सुटतात आणि बाराशेच्या भावाला काहीही सुटत नाही. सोन्याचा एकतृतीयांश भाव उतरला की खाणीचा सगळा नफा जातो. चढतीच्या काळात हेच गणित उलट फिरून भागधारकाला श्रीमंत करील, या आशेवर तू शेअर घेतलेस आणि ती आशा मुळात खोटी नव्हती. परंतु चढतीच्या काळात कारभाऱ्यांची बुद्धीही चढते. किनरॉस या कंपनीने २०१० साली मॉरिटानियातील खाणीसाठी ७१० कोटी डॉलर मोजून रेड बॅक ही कंपनी घेतली, आणि त्यांतील फार मोठी रक्कम पुढच्या दोनतीन वर्षांत तोटा म्हणून वजा टाकावी लागली. बॅरिकने चिली आणि अर्जेंटिना यांच्या सरहद्दीवर अँडीज पर्वतात पास्कुआ-लामाची खाण उभारावयास घेतली, आणि पाच अब्ज डॉलरांहून अधिक खर्च झाल्यावर २०१३ साली ते काम थांबविले. त्या वर्षापर्यंत खाणीचा खर्च सांगण्याची रीतच अशी होती, की चालू खर्च तेवढा दाखवावा आणि खाण चालती ठेवण्यास लागणारे भांडवल बाजूस ठेवावे. जागतिक सुवर्ण परिषदेने सर्वसमावेशक खर्चाचा नमुना २०१३ च्या जूनमध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे भागधारकाला खरा आकडा दिसू लागला. यंदा सोन्याचा भाव बरा असूनही खाणींचा नफा आटला, कारण डिझेल, पोलाद आणि मजुरी ही तिन्ही एकदम महागली.

आणखी एक गोष्ट तू कधी नीट मनात आणली आहेस असे पत्रावरून दिसत नाही. आंब्याची बाग घेतली तर धन्याने झोप काढली तरी झाड पुढच्या साली मोहरते. खाण काढलेल्या प्रत्येक औंसाबरोबर रिती होते, आणि नवा साठा शोधला नाही तर दहापंधरा वर्षांत तिच्या जागी केवळ खड्डा आणि तो बुजविण्याची कायदेशीर जबाबदारी उरते. म्हणून नुसता काळ गेल्याने खाणीच्या भागधारकाचे हित होत नाही, काळ त्याच्या विरुद्धच काम करीत असतो. सोने घेऊन पेटीत ठेवणाऱ्याचा धीर आणि खाणीचा शेअर राखणाऱ्याचा धीर यांत हे अंतर आहे, आणि अकरा वर्षे तू पहिल्या प्रकारचा धीर दुसऱ्या जातीच्या मालमत्तेसाठी खर्च केलास असे मला वाटते.

हे स्पष्ट व्हावे म्हणून आपल्याच देशातील दोन हकिकती सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस-पंचवीस वर्षांत दक्षिण हिंदुस्थानात सोन्याचे वेड दोन ठिकाणी उठले. वायनाडात कॉफीच्या मळ्यांना रोगाने ग्रासले होते, आणि देवाला व पंडलूर या भागांतील मळेवाल्यांना आपली जमीन सोन्याची म्हणून विकणे हा सुटकेचा मार्ग दिसला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतातून ब्रॉ स्मिथ या तज्ज्ञाला सरकारने बोलाविले, त्याचा अहवाल आशादायक निघाला, आणि लंडनमध्ये तीसहून अधिक कंपन्या चाळीस लाख पौंडांहून अधिक भांडवलाच्या घोषणेसह उभ्या राहिल्या. त्या भांडवलाचा मोठा हिस्सा जमिनीच्या किमतीपायी मूळ मालकांच्या खिशात गेला, यंत्रे डोंगरावर चढली, सोने निघाले ते खर्चाच्या मानाने नगण्य, आणि थोड्याच वर्षांत बहुतेक कंपन्या गुंडाळल्या गेल्या.

त्याच सुमारास म्हैसूर संस्थानात कोलार येथे लाव्हेल नावाच्या निवृत्त आयरिश सैनिकाने १८७३ साली अर्ज करून मिळविलेल्या परवान्यातून पुढे कंपन्या निघाल्या आणि १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर आणि सन्स या पेढीकडे कारभार आला. कोलारचीही गत प्रथम वायनाडासारखीच झाली. त्या कंपन्यांपैकी म्हैसूर कंपनीचे भांडवल संपत आले, एक पौंडाचा शेअर काही पेन्सांना मिळू लागला, आणि उरलेले तेरा हजार पौंड वाटून घेऊन कंपनी बंद करावी असे पुष्कळ भागधारकांचे मत पडले. टेलर यांनी त्यांना एक शेवटचा प्रयत्न करून पाहण्यास राजी केले. प्लमर नावाचा अनुभवी खाणकामगार कोलारला होता, त्याने पूर्वजांनी हातांनी खणलेल्या जुन्या खोल खड्ड्यांचा माग धरला, आणि जेथे त्यांचे हत्यार थांबले होते त्याच्या खाली त्याला चॅम्पियन रीफचा समृद्ध पट्टा लागला. पुढे कोलारने कितीएक दशके लाभांश दिला, १९०२ साली शिवसमुद्रमच्या धबधब्याची वीज तिथवर आली, खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली, आणि स्वतंत्र भारताच्या सरकारने २००१ साली ती बंद करीपर्यंत तिने आठशे टनांच्या घरात सोने दिले.

कोलारची हकिकत सांगून धीराचा महिमा वर्णन करणारे पुष्कळ भेटतात, आणि तुझ्या पत्रातही तिच्या जातीचीच उदाहरणे आहेत. पण वायनाडचा भागधारक कोलारच्या भागधारकापेक्षा कमी धीराचा होता असे कोणी दाखवून द्यावे! दोघांनी सारखीच कळ सोसली. भेद एवढाच, की कोलारच्या भागधारकासमोर त्या बिकट घडीला शिल्लक किती, ती कोणत्या जागी खर्च होणार, काम कोण पाहणार आणि ती संपल्यावर कंपनी बंद होणार, या चारही गोष्टी उघड मांडल्या होत्या. त्याने मर्यादित रकमेचा, ठराविक कामासाठी, परिचित माणसाच्या हाती धीर धरला. शिवाय दैवही त्याला अनुकूल झाले, हे मी नाकारीत नाही. तेरा हजार पौंड मातीत गेले असते तरी त्या भागधारकांना मी मूर्ख म्हटले नसते. तुझ्या प्रत्येक कंपनीविषयी या चार प्रश्नांची उत्तरे तुझ्यापाशी आहेत काय? ज्या कंपनीविषयी आहेत तिचा शेअर आणखी पाच वर्षे राख. जिच्याविषयी नाहीत तिच्याबाबत तू धीर धरलेला नाहीस, केवळ निर्णय लांबणीवर टाकला आहेस.

बँका मुद्दाम सोन्याचा भाव दाबून ठेवतात असे तू लिहितोस. या संशयाला मी वेडेपणा म्हणणार नाही. सोन्याच्या लंडनमधील भावनिश्चितीत एका व्यापाऱ्याने ढवळाढवळ केल्याबद्दल बार्कलेज बँकेला २०१४ साली दंड झाला, आणि मौल्यवान धातूंच्या बाजारात खोट्या मागण्या नोंदविल्याबद्दल जेपी मॉर्गनने २०२० साली ९२ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटविले, हे जगजाहीर आहे. परंतु तुझ्या छोट्या कंपन्यांनी दहा वर्षांत आपल्या शेअरांची संख्या चौपट केली असेल, तर त्यात या बँकांचा हात नाही. ज्यांना उत्पन्न नाही आणि केवळ शोधकार्य आहे, अशा कंपन्या कारभाऱ्यांचे पगार आणि भोके पाडण्याचा खर्च नवे शेअर विकूनच भागवितात, आणि प्रत्येक विक्रीगणिक त्याच खडकातील तुझा हिस्सा आक्रसतो. बाहेरच्या शत्रूकडे बोट दाखविल्याने घरच्या कारकुनाची वही तपासावयाची राहून जाते, ही सवय मी कचेरीतही फार पाहिली.

तुझ्या टोरोंटोच्या बाजाराला याचा विदारक अनुभव आहेच. कॅलगरीची ब्रे-एक्स कंपनी बोर्निओतील बुसांगच्या जंगलात अलोट सोने सापडल्याचे सांगत होती, तिची किंमत सहा अब्ज कॅनेडियन डॉलरांवर गेली, आणि १९९७ साली स्वतंत्र तपासणीत नमुन्यांमध्ये बाहेरून सोने मिसळल्याचे सिद्ध झाले. शिक्षकांचे आणि कामगारांचे निवृत्तिनिधीसुद्धा त्यात पोळले. त्यानंतर २००१ साली तेथे ४३-१०१ हा नियम आला, त्यान्वये जबाबदार तज्ज्ञाच्या सहीचा तांत्रिक अहवाल कंपनीला सादर करावा लागतो, आणि तो तुला फुकट वाचावयास मिळतो. तो वाच. त्यात अनुमानित साठा म्हणजे काय आणि सिद्ध साठा म्हणजे काय, टनामागे किती ग्रॅम, सोन्याचा कोणता भाव धरून हिशेब मांडला, हे सारे असते. भविष्य सांगणाऱ्यांची भाषणे ऐकण्यात जाणाऱ्या रविवारांतून एक रविवार या कामाला दिलास, तर तुझी चिडचिड पुष्कळ कमी होईल, कारण तुला जाचते ती तोट्याच्या रकमेपेक्षा आपल्या हाती काही नाही ही भावना अधिक, असे मला तुझ्या अक्षरावरून वाटते.

आणि भाव रोज पाहू नकोस, श्रीधर. खाणीत तीन महिन्यांनी एकदा सांगण्यासारखे काही घडते. सौ. मेधाने फोनवर सांगितले की जेवतानाही तुझे लक्ष पडद्यावर असते, तेव्हा मला खरोखर दुःख झाले. मुलीच्या शिक्षणाची रक्कम या शेअरांत नाही एवढे मला उलटटपाली कळव, आणि असेल तर इतर काहीही विचार करण्यापूर्वी ती काढून घे. तेथे धीराचा प्रश्नच येत नाही.

आता नजीकच्या कर्तव्याविषयी. डिसेंबर जवळ आला. प्राप्तिकरासाठी तोटा दाखवावा म्हणून तुझ्याकडे त्या महिन्यात पडलेले शेअर सपाटून विकले जातात, त्यामुळे छोट्या खाणींचे भाव आणखी उतरतात, आणि थकलेला माणूस नेमका तेव्हाच सारे फेकून देतो. तुला जे विकावयाचे ते वरच्या चार प्रश्नांवरून ठरव आणि शक्य तर गर्दीच्या आधी विक. विकलेला शेअर तू किंवा सौ. मेधाने मागेपुढे तीस दिवसांत पुन्हा घेतलात तर तो तोटा करात वजा मिळत नाही, हे ध्यानात असू दे. आणि करमुक्त बचत खात्यातले शेअर असतील तर त्यांचा तोटा मुळीच वजा मिळत नसल्यामुळे त्यांच्याबाबतीत डिसेंबरची घाई करण्याचे कारण नाही. प्रत्येक कंपनीचे गेल्या पाच वर्षांचे ताळेबंद आणि शेअरांची संख्या मला पाठव. डोळे अजून साथ देतात. सावकाश वाचून एकेकीविषयी स्वतंत्र कळवीन.

तुझ्या आईची सांधेदुखी थंडीने थोडी वाढली आहे, बाकी सर्व क्षेम.

तुझा,
मामा