टर्बो सर्वांत शेवटी विकत घ्या

छोट्या गाडीच्या इंजिनाला टर्बो लावायचं मनात आलं की पोरं पहिली खरेदी टर्बोचीच करतात. कुठल्या तरी भंगारातल्या डिझेल गाडीचा टर्बो स्वस्तात मिळतो, तो घरी येतो आणि मग त्याच्याभोवती बाकीचं इंजिन जुळवायला सुरुवात होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंगचं आणि हेडचं काम करण्यात माझी उमर गेली. या नादात फुटलेली इंजिनं शेवटी आमच्यासारख्यांच्याच टेबलावर येतात, म्हणून हे लिहितोय. आधी पिस्टन आणि रिंग, मग हेडचं पॅकिंग, मग पेट्रोल आणि इंजेक्टर, आणि हे सगळं ठरल्यावर टर्बो, हा क्रम सोडू नका.

त्याआधी कायद्याचं एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत परवानगीशिवाय असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आली. त्यामुळे मी जे सांगतोय ते ट्रॅकवरच्या गाडीसाठी आहे. रस्त्यावर पळवायच्या गाडीचं असलं काम मी घेत नाही, तुम्हीही कुणाला द्यायला सांगू नका.

पोरांचा मोह मला समजतो. सुझुकीनं १९८७ साली जपानात अल्टो वर्क्स काढली, ५४३ सीसीत ६४ पीएस. आपल्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन त्याच एफ घराण्यातलं, आणि त्याला ताकद ३७ च्या आसपास. अलीकडे २०१७ ला बलेनो आरएस आली, तिनं ९९८ सीसीत १०२ पीएस दिले. हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. पण अल्टो वर्क्स आणि बलेनो आरएसची इंजिनं कारखान्यातच टर्बोसाठी बांधलेली होती. त्यांची कास्टिंग, कूलिंग, पिस्टन, इग्निशन सगळं त्या दाबाचा विचार करून ठरलेलं होतं. साध्या इंजिनाला ते गणित आपल्याला नव्यानं घालावं लागतं.

आमच्याकडे जास्त येतं ते एस्टीम आणि जुन्या स्विफ्टचं १२९८ सीसीचं इंजिन. एलजीबी फॉर्म्युला ४ च्या गाड्यांतही मारुतीचं १.३ लिटरचंच इंजिन पळालंय, त्यामुळे शर्यतीच्या मंडळींना ते माहितीचं आहे. बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी, ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि त्यात बिडाचे लायनर. असंच एक इंजिन एक तरुण मुलगा घेऊन आला. टर्बो लावून थोडेच दिवस झालेले, तिसऱ्या सिलिंडरचं कम्प्रेशन गेलेलं. ‘काका, पिस्टनच डुप्लिकेट निघाला,’ आल्या आल्या त्यानं निकाल सांगून टाकला.

हेड काढलं, पिस्टन बाहेर घेतला. वरच्या रिंगेच्या खाचेवरचा कडेचा तुकडा उडालेला होता. नॉकिंगनं मेलेल्या पिस्टनच्या माथ्यावर, विशेषतः कडेला, बारीक बारीक खड्डे दिसतात, ॲल्युमिनियमचे कण प्लगच्या पोर्सेलिनवर चिकटलेले असतात. इथं माथा स्वच्छ होता, प्लगही ठीक होता. मग रिंगेची दोन्ही टोकं भिंगाखाली धरली. ती घासून लख्ख झालेली होती. गरम झाल्यावर रिंग फुगली, टोकं एकमेकांना भिडली, पुढे सरकायला जागा उरली नाही, रिंग लायनरला आवळून बसली आणि पिस्टन खाली येताना तिनं त्याचाच तुकडा काढला. पिस्टन अगदी अस्सल होता. मुलाच्या हातात रिंग आणि भिंग दिलं, त्यानं बराच वेळ बघितलं.

त्या इंजिनात नवीन रिंगा डब्यातून काढून तशाच घातल्या होत्या. साध्या इंजिनाला टोकांमधली फट पाव मिलिमीटरच्या आसपास असली तरी चालते. टर्बोवर वरची रिंग कितीतरी जास्त तापते. सर्वसाधारण हिशेब बोअरच्या हजारी साडेपाच भागांचा, म्हणजे ७४ मिमीला सुमारे ०.४० मिमी. पिस्टन किंवा रिंग बनवणाऱ्यानं कागदावर वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. रिंग सिलिंडरमध्ये घालायची, उलट्या पिस्टननं सरळ खाली ढकलायची, फिलर गेज लावायचा, कमी असेल तर एकाच टोकावर बारीक कानस चालवायची. प्रत्येक रिंग ज्या सिलिंडरची, तिथंच मोजायची. या कामाला पैसे लागत नाहीत, सवड लागते.

आता पिस्टन. इथं आपल्या गावाचा स्वभाव आडवा येतो. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्यांनी ज्या गावात इंजिनं घडवली, त्या गावात ‘हे इथं होत नाही’ असं कुणी म्हणत नाही. शिरोली, गोकुळ शिरगावला पिस्टन, बेअरिंग आणि कास्टिंग बनून देशभर जातात. त्याचा मला अभिमान आहे. पण कारखान्यात डिझाइन करून ओतलेला पिस्टन वेगळा आणि कम्प्रेशन उतरवायचं म्हणून लेथवर माथा छिलून काढलेला पिस्टन वेगळा. माथा पातळ झाला की उष्णता कडेला वाहून जायची वाट अरुंद होते, वरच्या रिंगेचा पट्टा कमकुवत होतो. असं छिलकाम करून द्यायला मी नाही म्हणतो. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल.

दुसरा जुगाड म्हणजे जाड पॅकिंग. हिशेब करून बघा. या इंजिनाच्या एका सिलिंडरचं आकारमान सुमारे ३२५ सीसी. समजा कम्प्रेशन ९.५ आहे, तर वरची जागा ३८ सीसीच्या थोडी वर. ८.५ वर आणायचं तर ती ४३ सीसी लागेल. पाच सीसीचा फरक पॅकिंगनं भरायचा तर ते सुमारे १.२ मिमीनं जाड करावं लागतं. कागदावर जमतं. पण पिस्टन वर आल्यावर हेडच्या सपाट भागाशी जी चिंचोळी फट राहते, ती मिश्रण दाबून ठिणगीकडे ढकलते. ती फट मोठी केली की हे बंद पडतं आणि कम्प्रेशन कमी करूनही इंजिन नॉक मारतं. योग्य वाट म्हणजे माथ्यात वाटी असलेला, मुळात त्यासाठीच बनवलेला पिस्टन. आणि कम्प्रेशन अंदाजानं सांगू नका. हेडवर ॲक्रिलिकची पट्टी बसवून ब्युरेटनं सीसी मोजा.

फोर्ज्ड पिस्टन घेताना नुसता ७४ चा बोअर जुळला म्हणून मागवू नका. पिनचा व्यास, पिनपासून माथ्यापर्यंतची उंची आणि व्हॉल्व्हचे खिसे आपल्या हेडशी जुळले पाहिजेत. धातूही विचारा. ४०३२ मध्ये सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास, तो कमी फुगतो. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नाहीच. तो चिवट, पण जास्त फुगतो, म्हणून जिथं कास्ट पिस्टनला दोन-चार शतांश मिलिमीटर पुरतात तिथं याला सात-आठ सोडावे लागतात, आणि थंड असताना तो वाजतो. दाब अर्ध्या बारच्या आत ठेवणार असाल तर माझी पसंती ४०३२ ला. खरं तर एवढ्या दाबाला चांगला कास्ट पिस्टनही टिकतो, पेट्रोल आणि टायमिंग बरोबर असेल तर.

बोअर गरजेपुरताच वाढवा. लायनरची भिंत पातळ करून मिळणारे चार सीसी टर्बोच्या इंजिनाला काही देत नाहीत. आणि होनिंग टॉर्क प्लेट लावूनच करून घ्या. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर प्लेट आवळा, डायल गेज आत सोडा, मगाशी गोल दिसणारा सिलिंडर बोल्टजवळ ओढला गेलेला काट्यावर दिसतो. हेड बसल्यावर तो तसाच असणार, मग आधीच त्या स्थितीत गोल का करू नये? मल्टिलेयर स्टीलचं पॅकिंग वापरणार असाल तर हेड आणि ब्लॉकचा पृष्ठभाग सपाट असून भागत नाही, गुळगुळीतही लागतो. ०.८ मायक्रॉन आरएच्या आत मागा. बेअरिंगला जर्नलच्या दर मिलिमीटरला एक मायक्रॉन फट हा जुना हिशेब अजूनही कामाला येतो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाबतीत मात्र कोल्हापूरकरांनी दुसरीकडे बघायचं कारणच नाही. पातळ पाइप वेल्ड करून केलेले मॅनिफोल्ड टर्बोच्या वजनानं आणि तापून-निवून जोडावर तडकतात. साधं बीडही तडकतं. पॅटर्न करून सिलिकॉन-मॉलिब्डेनम घातलेल्या एस.जी. आयर्नमध्ये ओतून घ्या. असं ओतकाम जाणणारी माणसं या गावात आहेत. फ्लँजची जाडी भरपूर ठेवा आणि मशिनिंगआधी स्ट्रेस रिलीव्ह करायला विसरू नका.

इंधनाचा हिशेब आता बदललाय. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, त्यातलं काही आपल्याच उसाचं. नुसत्या पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, आणि या मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे जुन्या मॅपवर इंजिन कोरडं चालणार, आणि टर्बोवर कोरडं चालणं म्हणजे पिस्टन गेला. १४० हॉर्सपॉवर धरली तर चार इंजेक्टर प्रत्येकी मिनिटाला ३०० सीसीच्या आसपास द्यायला हवेत, तेही ऐंशी टक्केच उघडे राहून. वाइडबँड सेन्सर आणि नॉक सेन्सर टर्बोच्या आधी घ्या. जुन्या गाडीचे रबरी पाइपही इथेनॉलला चालणारे घाला.

इथवर आलात की टर्बो निवडणं सोपं होतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, हवेचा दाब सुमारे ०.९४ बार. अर्धा बार बूस्ट म्हणजे कॉम्प्रेसरला १.५३ चं गुणोत्तर. ६,५०० फेऱ्यांना हे इंजिन मिनिटाला साडेबारा पौंडांच्या आसपास हवा ओढेल. हे दोन आकडे घेऊन कॉम्प्रेसर मॅपवर खूण करा. डिझेलचा टर्बो इथंच बाद होतो. पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट साडेनऊशे अंशांच्या पुढे जातो, डिझेलचा त्यापेक्षा बराच थंड असतो. हलत्या पाकळ्यांचा डिझेल टर्बो त्या तापात अडकतो. तेल परत जायचा पाइप जाड, सरळ उताराचा आणि संपमधल्या तेलाच्या पातळीच्या वर जोडा, नाहीतर सील गेलं असं समजून उगाच टर्बो बदलाल. क्लच आणि ब्रेक यांचं बजेट बाजूला काढूनच मग पैसे मोजा.

शेवटी, मशीन शॉपमधून इंजिन घेताना मापांचा कागद मागा. चारही सिलिंडरचे वर, मध्ये, खाली आडवे-उभे व्यास, पिस्टनची फट, प्रत्येक रिंगेची फट, प्रत्येक जर्नल, हेडचे सीसी, हे सगळं हातानं लिहिलेलं असलं तरी चालेल. ‘विश्वास ठेवा की’ म्हणून कुणी कागद द्यायला टाळाटाळ केली, तर ब्लॉक उचला आणि दुसऱ्या दुकानात न्या. आमच्या दुकानातूनसुद्धा.