आजींची कूस कोणी बदलली?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोर झाला की ‘वय झालंय, होणारच’ हे उत्तर तयार असतं. नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेला ते मावशी पुरवणाऱ्या ब्युरोच्या मॅडमनी फोनवर ऐकवलं. सासूबाईंची जखम पुढे भरली, पण ते वाक्य बाईंच्या मनातून गेलेलं नाही.

सकाळी डायपर बदलताना माकडहाडावर डाग दिसला. रुपयाएवढा, जांभळट, हाताला गरम. बाईंनी बोटाने दाबून बघितलं, रंग जराही फिकटला नाही. रात्रपाळीच्या मावशी म्हणाल्या, “घामोळं असेल ताई, पावडर लावते,” आणि तिथेच तळव्याने चोळायला लागल्या. बाईंनी त्यांचा हात धरला. तेवढ्यात बाईंची नजर खुर्चीकडे गेली. पाठीशी लावायचा लोड रात्री झोपायला जाताना त्यांनी जिथे ठेवला होता तिथेच होता, वर घडी केलेला टॉवेलही तसाच. रात्रभर सासूबाईंना कोणी हलवलंच नव्हतं.

“रोज सकाळी विचारायचे, रोज सांगायच्या, दोन-दोन तासांनी कूस बदलली म्हणून,” बाई सांगतात. “डिस्चार्जच्या वेळी सिस्टरनी दाखवलेलं सगळं मी मावशींना कागदावर लिहून दिलं होतं. आणखी काय करायचं होतं मी?”

ब्युरोने चूक कबूल केली नाहीच, वर एक रबरी रिंग पाठवली, आजींना हिच्यावर झोपवा म्हणून. ती बाईंनी परत केली, आणि बरोबरच केलं. रिंगेच्या कडेचा दाब भोवतालच्या कातडीवर पडतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी आटतो. बेडसोरबद्दलच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी अशा रिंगा वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. डाग चोळणंही तितकंच वाईट, कारण आतल्या दुखावलेल्या पेशी त्याने आणखी दुखावतात.

वयावर खापर फोडणाऱ्यांसाठी एवढंच. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये बेडसोरचा दोष बहुतेकदा आजाराकडे नसून शुश्रूषेकडे जातो, असं बजावलं होतं. १९४४ पासून इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांची कूस दिवसरात्र दर दोन तासांनी बदलायला लावली. त्या काळी असे रुग्ण याच जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने दगावत.

बाई आता ओळखीपाळखीत कोणी अंथरुणाला खिळलं की स्वतःहून फोन करतात. पहिली गोष्ट सांगतात ती भिंतीवरच्या तक्त्याची: वेळ, डावी-उजवी-पाठ, सही. त्यांच्या मावशींनी याला ‘आमच्यावर विश्वास नाही का’ म्हणून तोंड वाकडं केलं होतं. करू द्यावं. एअर बेड असला तरी तक्ता हवाच, कारण पंप चालू असला म्हणून कूस बदलणं सुटत नाही. किती वेळाने बदलायची हे मात्र पेशंट बघून डॉक्टरांना विचारावं.

कुशीवर म्हणजे थोडं कलतं, सरळ काटकोनात नव्हे. तसं केलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे लोड देऊन साधारण ३० अंशांचा कल पुरतो. दोन गुडघ्यांमध्ये उशी, आणि पोटऱ्यांखाली अशी उशी की टाचा अधांतरी राहतील. टाचांकडे कोणी बघत नाही, आणि तिथला बेडसोर भरायला फार त्रास देतो.

पेशंट खाली घसरला की काखेत हात घालून वर ओढायचा, ही सगळ्यांची सवय. हाड सरकतं, कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतल्या आत फाटते. अर्धांगाच्या पेशंटचा तर लुळा खांदाच निखळू शकतो. त्याऐवजी पाठीपासून मांड्यांपर्यंत आडवी दुमडलेली चादर कायम अंथरून ठेवावी आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून, उचलून सरकवावं. पलंगाची चाकं आधी लॉक करावीत.

भरवताना डोक्याकडची बाजू चांगली वर हवी आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जातं. एरवी ३० अंशांच्या वर नको. बाकी कातडी कोरडी ठेवणं, चादरीला सुरकुती न ठेवणं, आहारात प्रोटीन, हे सगळेच सांगतात.

आपल्या सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात फिरवून बघावं: गरम किंवा कडक लागतंय का, भोवतीपेक्षा गडद दिसतंय का. कातडी काळी पडली, वास आला, ताप चढला तर त्याच दिवशी डॉक्टर.

आगाऊ भरलेले पैसे ब्युरोने परत दिले नाहीत. म्हणून बाई शेवटी एक अट घालायला सांगतात: पैसे देण्याआधी मावशींना आपल्यासमोर एकदा कूस बदलून दाखवायला लावा, आणि त्यांनी दंडाला धरून ओढलं तर तिथल्या तिथे दुसरी बाई मागा.