आठवड्यातल्या रात्रीचे जेवण

गोरखपूर, जबलपूर



वरण, भात, एक भाजी आणि पोळ्या एवढा स्वयंपाक सवयीच्या हाताने पाऊण तासात होतो. नोकरी करणाऱ्या जोडप्याच्या घरी त्याला दीड तास लागतो तो बहुधा दोन कारणांनी. काय करायचे हे घरी आल्यावर ठरते, आणि जे ठरते त्याची तयारी नसते. डाळ भिजलेली नाही, लसूण सोललेला नाही, दाण्याचे कूट संपले आहे आणि कणीक मळायची आहे, हे सगळे कुकर चढवायच्या वेळी कळते. म्हणून आठवड्याचे नियोजन करताना पदार्थांच्या आधी तयारीची यादी करावी.

रविवारी पाच दिवसांचे जेवण शिजवून डब्यांत भरून ठेवावे, असा सल्ला हल्ली फार मिळतो. मराठी जेवणाला तो मानवत नाही. फ्रिजमधली पोळी चिवट होते, भेंडी दुसऱ्या दिवशी मरगळते, कोशिंबिरीला पाणी सुटते. रविवारी अर्धेच काम करावे. कांदा-खोबरे भाजून वाटण करावे, आले-लसूण वाटून ठेवावे, कूट करावे, चिंचेचा कोळ काढावा. पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या कापडात गुंडाळावी. धुऊन ठेवलेली मेथी दोन दिवसांत काळी पडते. दोघांनी मिळून केले तर तास-दीड तासात हे उरकते.

पाचांपैकी दोन रात्री तुरीच्या डाळीवर सोपवाव्यात. जबलपूरकरांचे नशीब असे की शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्यातली गाडरवाऱ्याची नावाजलेली तूरडाळ इथे घरच्यासारखी मिळते. डाळ अर्धा तास भिजवून हळद, हिंग आणि तेलाचे चार थेंब घालून दोन दिवसांच्या बेताने शिजवावी. टोमॅटो, चिंच, आमसूल यांतले काहीही कुकरमध्ये घालू नये. आंबटामुळे डाळ लवकर मऊ होत नाही आणि शिट्ट्या वाढतात. पहिल्या रात्री साधे वरण करून वर तूप-लिंबू घ्यावे. उरलेली डाळ फ्रिजमध्ये जावी आणि दुसऱ्या रात्री तिची चिंचगुळाची, गोड्या मसाल्याची आमटी व्हावी. त्याच आमटीत कणकेच्या कापण्या सोडल्या की वरणफळे होतात, पोळ्या लाटायचे काम वाचते आणि मुले तक्रार न करता जेवतात.

तिसरी रात्र उसळीची. मटकी किंवा मूग आदल्या रात्री भिजवून सकाळी उपसून फडक्यात बांधावे. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो तेव्हा मूग संध्याकाळपर्यंत मोडावतात. उशीर झाला तर आंबूस वास येऊ लागतो. जानेवारीत मात्र त्याच मुगाला दुप्पट वेळ लागतो. थंडीत म्हणून एक दिवस आधी भिजत घालावेत.

ज्या दिवशी काहीच जमलेले नसते त्या रात्रीची सोय जुन्या स्वयंपाकघराने फार पूर्वीच करून ठेवली आहे. भाजणी, मेतकूट, भरडा, सांडगे हे सगळे आधीच कष्ट उरकून ठेवलेले अन्न आहे. थालीपिठाच्या भाजणीतली धान्ये भाजूनच दळलेली असतात, त्यामुळे तव्यावर झाकण ठेवून चार-पाच मिनिटांत थालीपीठ खरपूस होते. सोबत लोणी किंवा दही पुरते. पिठल्याला बेसन, कांदा, मिरची आणि वीस मिनिटे लागतात. मुगाच्या खिचडीला एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ आणि चार वाट्या पाणी घेतले की ती पळीवाढी होते. बालाघाटचा चिन्नोर तांदूळ खिचडीत खर्चू नये. 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला तो सुवासिक तांदूळ साध्या वरणभातासाठी राखावा.

भाजी बाजार पाहून घ्यावी, यादी पाहून नव्हे. कागदावर ‘पालेभाजी’ किंवा ‘फळभाजी’ एवढेच लिहावे, नाव लिहू नये. गोरखपूरच्या बाजारात त्या दिवशी ताजे आणि स्वस्त असेल ते उचलावे. थंडीत मेथी, चाकवत आणि हरभऱ्याचा पाला, पावसाळ्यात गिलकी म्हणजे आपली घोसाळी आणि दोडका. घोसाळी सर्वात कमी वेळाची भाजी. चिरायला पाच मिनिटे, शिजायला दहा, आणि तरीही घराघरांत तिची उपेक्षा होते.

मटाराचा विचार वेगळा करावा लागतो. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत जबलपूर जिल्ह्याने मटारच निवडला आहे, आणि हंगामात पाटण, शहपुरा, सिहोरा या भागांतून येणाऱ्या शेंगांनी बाजार हिरवा होतो. तेव्हा भाव उतरतो आणि दाणे कोवळे असतात. शेंगांच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग सालांचा, हे धरून खरेदी करावी. सोललेले दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावेत, कोरडे करावेत आणि एका वेळेला लागतील एवढ्या लहान पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवावेत. उकळत्या पाण्याने दाण्यातली विकरे निकामी होतात. ती शाबूत राहिली तर गोठवलेल्या दाण्याचाही रंग आणि गोडी जाते. अशी एक पिशवी पोहे, मसालेभात, बटाट्याचा रस्सा यांपैकी कशालाही हात देते.

शिजलेले अन्न टिकवण्याबाबत एक नियम कडक पाळावा. भात दोन तासांपेक्षा जास्त वेळ ओट्यावर राहू नये, उन्हाळ्यात तर तासाभरातच फ्रिजमध्ये जावा. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूची बीजाणूरूपे शिजवूनही मरत नाहीत. ओट्यावरच्या उबेत ती वाढतात आणि त्यांचे विष भात पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. पसरट भांड्यात भात लवकर निवतो. डाळ आणि उसळ दोन दिवस ठेवावी, पुढे नाही.

पोळ्यांचा प्रश्न बहुतेक घरी सर्वात नाजूक. पोळ्यांना बाई ठेवणे परवडत असेल तर त्यात कमीपणा मानू नये. नसेल तर पाचांपैकी दोन रात्री सरळ भाताच्या ठेवाव्यात आणि कणीक सकाळच्या डब्याबरोबर जास्तीची मळून झाकून फ्रिजमध्ये ठेवावी. रोज ताजी पोळी हवीच असा हट्ट ज्याचा असेल, लाटणे त्याच्या हाती द्यावे.

घरातला एक जण खमरियाच्या आयुध निर्माणीत पाळीने जाणारा आणि दुसरा रेल्वेच्या कचेरीत असेल, तर दोघांची जेवायची वेळ जुळत नाही. अशा घरी उशिरा जेवणाऱ्याला निवल्यावरही चांगली लागेल अशीच गोष्ट निवडावी: कढी, उसळ, वरणफळे. पिठले निवले की दगड होते, ते एकत्र जेवायच्या रात्रीच करावे.

जो आधी घरी येईल त्याने कुकर लावावा. त्यासाठी प्रमाणे लिहिलेली असावीत. कमलाबाई ओगले यांच्या 1970 च्या ‘रुचिरा’चा मोठा उपयोग हाच झाला की तिने वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक सांगितला, आणि स्वयंपाक न येणाऱ्यालाही तो करता आला. घरातली एकच वाटी माप म्हणून ठरवावी आणि तिच्या हिशेबाने डाळ, तांदूळ आणि पाणी किती हे कपाटाच्या दाराआतल्या कागदावर लिहावे. घरात आई-वडील असतील तर त्यांना पूर्ण स्वयंपाक सोपवू नये, पण मटार सोलणे, भाजी निवडणे ही कामे जरूर द्यावीत. मीठ-तिखट कमी लागणाऱ्यांचे वरण फोडणीआधीच वेगळे काढावे, म्हणजे दोन स्वयंपाक करावे लागत नाहीत.

शुक्रवारचा रकाना कोरा ठेवावा. त्या दिवशी आठवड्यातले उरलेसुरले संपवावे, आणि काहीच उरले नसेल तर कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून गरम मंगोडे, म्हणजे मूगडाळीची भजी, आणून दहीभाताबरोबर खावेत.

तुझा,
मामा